खर्चे मॅडमच्या बत्तीस बाटल्या

इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी त्यावर दोनदा टकटक करायची सवय मला खर्चे मॅडमनी लावली. इन्क्युबेटर म्हणजे जंतू वाढवायचं उबदार कपाट. आत काचेच्या बश्या, बश्यांत जेलीसारखं खाद्य आणि त्यावर कुठल्या तरी आजारी म्हशीच्या दुधातले नाहीतर मेलेल्या बकरीच्या आतड्यातले जंतू. त्यांच्या दारावर टकटक करायला शास्त्रात काहीही आधार नाही. मी रुजू झालो त्या दिवशी मॅडमना तसं करताना पाहिलं आणि न राहवून विचारलं, "आत कोणी आहे का?"

"आहेत ना. पाहुने झोपेल असतीन. धाडकन दार उघडलं तर काय म्हनतीन?" मॅडम म्हणाल्या आणि शांतपणे दार उघडून एकेक बशी उजेडात धरू लागल्या. मी मनात म्हटलं, आपलं काही खरं नाही.

मी देऊळगाव राजाचा. मला बँकेत लागायचं होतं. पंख्याखाली बसावं, इस्त्रीचा शर्ट घालावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. शेणाच्या वासानं माझं डोकं दुखतं. आणि नशिबानं मला नेऊन टाकलं ते बुलढाण्यात, जनावरांच्या रोगांचं निदान करणाऱ्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत, तंत्रज्ञ म्हणून. डॉ. मंगला खर्चे तिथल्या प्रमुख. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. पहिल्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'देऊळगाव' होतो. "अरे देऊळगाव, बश्या धुतल्या का?" "देऊळगाव, तुह्या गावाच्या बालाजीले सांग, आज लाइट जाऊ देऊ नको म्हना."

मॅडम ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या. सुती साडीवर पांढरा कोट. कोटाच्या खिशात मार्कर, रबरबँड, सुतळीचा तुकडा. पर्समध्ये फुटाण्यांची पुडी. पण ती पुडी खोलीच्या उंबरठ्याच्या आत कधी उघडली गेली नाही. फुटाणे खायचे ते बाहेर, कडुनिंबाखाली, कोपरापर्यंत हात धुऊन. प्रयोगशाळेतलं काही तोंडाला लावायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. मला मुलगा झाला तेव्हा मी आनंदाच्या भरात पेढ्यांचा डबा थेट त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मॅडमनी तो डबा असा पाहिला की जणू मी साप आणून ठेवलाय. माझं मनगट धरून मला बाहेर नेलं, नळाखाली माझे हात धुववले, आपले धुतले, आणि तो डबा कचऱ्यात टाकायला लावून मला पुन्हा बाजारात पिटाळलं. दुसरा डबा आणला तेव्हा कडुनिंबाखाली उभ्या राहून चार पेढे खाल्ले आणि म्हणाल्या, "आता खरा आनंद झाला मले."

त्यांचं काम म्हणजे रोग शोधणं, असं लोकांना वाटे. त्या स्वतः ते मानत नसत. उन्हाळा संपत आला की गावोगावच्या सरपंचांना फोन लावायच्या. जनावरांना घटसर्पाची लस टोचली का, फऱ्याची टोचली का, पाऊस पडल्यावर मले फोन करसान तर उचलणार नाही, अशी धमकी द्यायच्या. अर्थात पाऊस पडल्यावर आलेला प्रत्येक फोन उचलायच्याच. "रोग आला तर मी मोठी डॉक्टर," त्या म्हणायच्या, "अन् रोग आलाच नाही तर मी कोनीच नाही. मले कोनीच नाही व्हायचं हाय, देऊळगाव."

एकदा पुण्याला मोठी परिषद होती. मॅडमनी आपला निबंध वाचला आणि प्रश्नोत्तरांत जशा आमच्याशी बोलत तशाच बोलू लागल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हसू दाबत विचारलं, "मॅडम, जरा प्रमाण मराठीत सांगाल का?" मॅडम म्हणाल्या, "सांगते की. पन माह्या म्हशी मोताळ्याच्या हायेत. त्याइच्या मालकाइनं जे सांगतलं ते तुमाले जसंच्या तसं देऊन राह्यली. बदललं तर नमुना खराब होते ना?" सभागृह खळखळून हसलं. चहाच्या वेळी तेच गृहस्थ मॅडमच्या वहीतली पानं मोबाइलवर टिपून घेत होते, आणि मॅडम त्यांना फुटाणे देत होत्या. मी मात्र दिवसभर त्या गृहस्थांकडे रागानं पाहत होतो. मला ते जमतं.

पण मॅडम म्हटलं की मला आठवतं ते धामणगाव बढ्याच्या पुढचं एक लहानसं गाव. तिथून निरोप आला की म्हशींना दगडी झालीय. दगडी म्हणजे कासदाह. सडातून जंतू आत शिरतात, कास सुजून कडक होते, दुधात गुठळ्या येतात आणि वेळेवर आवरलं नाही तर तो सड कायमचा आटतो. चांदणी नावाच्या म्हशीचा एक सड गेलाच होता. एक म्हैस औषधानं बरी व्हायची तोवर दुसऱ्या दोन आजारी पडायच्या. कोणाची तरी नजर लागलीय अशी कुजबुज सुरू झाली होती, आणि ती कोणाची यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं.

गावात शिरल्यावर पहिले भेटले ते सुखदेवभाऊ. साठीचे, किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर मळकं फडकं. चांदणी त्यांचीच. गावात बत्तीस म्हशी दुभत्या होत्या आणि त्यातल्या निम्म्यांच्या धारा सुखदेवभाऊ काढायचे. ज्या घरी माणूस परगावी, ज्या घरी म्हैस लाथाळ, तिथे त्यांना बोलावणं. त्यांचा हात कासेला लागला की कसलीही आडमुठी म्हैस पान्हा सोडायची. या कामाचे ते पैसे घेत नसत. बायको गेल्यापासून ते एकटेच होते, आणि घरोघरी धार काढून झाल्यावर मिळणारा कपभर चहा आणि दोन शब्द, यावर त्यांचा दिवस उभा होता.

मॅडमना दोन गोष्टी हव्या होत्या: जंतू कोणता, आणि तो एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो कसा. आम्ही बुलढाण्याहून पोहोचेपर्यंत सकाळच्या धारा होऊन जात, म्हणून मी आदल्या दिवशी जाऊन बत्तीस निर्जंतुक बाटल्या वाटल्या. बोटाएवढ्या. बायकांना ओळीनं बसवून समजावलं: सड धुवा, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, पहिल्या दोन धारा सोडून द्या, मग बाटलीत दूध घ्या आणि झाकण घट्ट लावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी बाटल्या तयार होत्या, प्रत्येक बाटली स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली. हाताला कोमट लागत होत्या. किती ताजं दूध, म्हणून मी खूश झालो आणि बर्फाच्या डब्यात घालून घेऊन आलो.

दोन दिवसांनी बश्या पाहिल्या, तर बत्तीसच्या बत्तीस कोऱ्या. जंतूचं नाव नाही. मी इतका हरखलो की तीन रंगांच्या पेनांनी तक्ता आखून वर मोठ्या अक्षरांत 'गाव रोगमुक्त' लिहून टाकलं. मॅडमनी तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एकही पाहुना नाही?" त्या म्हणाल्या. "देऊळगाव, ज्या गावात म्हशीचा सड जाते, तिथलं दूध इतकं साफ? दिसलं नाही म्हनजे नाही, असं नसते बाबू."

त्यांनी उरलेल्या दुधाच्या बाटल्या मागवल्या आणि एकेक बाटली उजेडात तिरपी केली. पहिल्या बाटलीत वर काहीतरी तरंगत होतं. दुसऱ्या बाटलीतही. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "ही तर साय हाय रे," त्या पुटपुटल्या. तेवढ्यात माझं लक्ष ट्रेकडे गेलं. झाकणाभोवती सांडलेल्या एका थेंबाला मुंग्या लागल्या होत्या. शेजारच्या बाटलीलाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात. गावातल्या बायकांची पुढारी म्हणजे शमीमभाभी. दोन म्हशी, सहा बकऱ्या आणि एक शिवणयंत्र एकटी चालवणारी बाई. मॅडमनी तिच्या ओसरीवर बसून विचारलं, "भाभी, खरं सांग. बाटलीत घालायच्या आधी दूध गरम केलं होतं का?"

"मंग? कच्चं देऊ का?" शमीमभाभीला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुमी एवढ्या दुरून येऊन राह्यल्या. पाहुन्याच्या हातात कच्चं दूध कोन देते, बाई? तौबा!"

"अन् साखर?"

"ते त्या समोरच्या वहिनीनं सुरू केलं. तिनं घातली म्हनून मंग सगळ्याइनं घातली. तुमी पिऊन पाहनार अन् मंग सांगनार ना, दूध कसं हाय ते? आमाले वाटलं, फिकं लागलं तर गावाचं नाव जाईन."

मॅडमचे खांदे हलू लागले, आणि मग त्या अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला, बाजेला धरून बसावं लागलं. शमीमभाभी हसली, समोरची वहिनी हसली, मीही हसलो, पण माझा तीन रंगांचा तक्ता आठवून जरा कमी हसलो. उकळू नका, एवढं सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते कोणाच्या डोक्यात येतं? मॅडमनी वहीत लिहिलं, 'गाव दूध उकळूनच पिते. शाबास.' आणि त्या दिवसापासून शमीमभाभीकडे मुक्काम ठोकला.

तीन दिवस पहाटे त्या सुखदेवभाऊंच्या मागे घरोघर फिरल्या. नमुने स्वतः घेतले, कच्चे. या वेळी बश्या भरून आल्या. एकाच जातीचे, एकाच सोनेरी रंगाचे ठिपके. मग मॅडमनी गावाचा नकाशा काढला आणि त्यावर आजारी म्हशींच्या खुणा केल्या. खुणा पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं. सुखदेवभाऊ ज्या क्रमानं घरं घेत, त्याच क्रमानं रोग चालला होता.

त्यात सुखदेवभाऊंचा एक नेम होता. ज्या म्हशीची कास सुजलेली, तिच्याकडे ते सगळ्यात आधी जायचे. मॅडमनी कारण विचारलं तेव्हा म्हणाले होते, "तिचं दुखते ना, बाई. तिले थांबवू काऊन?" आणि मग त्याच हातांनी, खांद्यावरच्या त्याच फडक्यानं कास पुसत, ते पुढच्या घरी जायचे. गावानं प्रेमानं दूध उकळलं म्हणून रोग दिसला नव्हता, आणि एका माणसाच्या मायेनं तो पसरत होता.

"आता काय, लिहून टाकू," मी म्हणालो. "कारण सापडलं."

"लिहू. अन् उद्यापासून त्या मानसाले कोनी दारात उभं करीन का?" मॅडम म्हणाल्या. "नजर कोनाची लागली ते शोधूनच राह्यले हायेत लोक. त्याइले नाव भेटन फक्त."

त्या दिवशी फुटाण्यांची पुडी उघडली नाही. मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. जंतूंची नावं घडाघडा सांगणाऱ्या या बाईला एका माणसाचं नाव घेता येत नव्हतं.

पुढच्या खेपेला मॅडमनी शाळेच्या पडवीत गाव बोलावलं. निरोप दिला, "हात घिऊन या." पोरं हसली, पण गाव आलं. मॅडमनी खाद्य घातलेल्या मोठ्या बश्या मांडल्या आणि सांगितलं की एकेकानं पुढे येऊन एका बशीवर पंजा टेकवायचा. पहिला पंजा त्यांनी स्वतःचा टेकवला. मग माझा, सरपंचांचा, शमीमभाभीचा, सुखदेवभाऊंचा, आणखी पाच-सहा जणांचा. आता मी जे सांगतोय ते गावात कोणालाच माहीत नव्हतं. त्या सकाळी मॅडम शमीमभाभीच्या गोठ्यात दोन्ही म्हशी खाजवून, मग चांदणीच्या सुजलेल्या कासेवरून हात फिरवून थेट शाळेत आल्या होत्या. वाटेत हापशी होती, साबणाची वडी होती, आणि पेढ्यांचा डबा फेकायला लावणारी ही बाई साबणाकडे न बघता पुढे गेली. मी तोंड उघडणार तर त्यांनी डोळे वटारले. पंजा टेकवून झाल्यावर मात्र लगेच कोपरापर्यंत हात धुतले.

तीन दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवून आम्ही बश्या टेपनं बंद करून गावात परत नेल्या. प्रत्येक बशीत पंजा उमटला होता, ठिपक्यांचा. लोक माना वाकवून पाहत होते. सगळ्यात भरगच्च बशी मॅडमनी वर धरली.

"ही कोनाची, सांगा."

मॅडमनी बशी उलटी करून नावाची चिठ्ठी दाखवली. "माही हाय. गावातला सगळ्यात घान हात तुमच्या डॉक्टरचा. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात मी अशीच फिरली असती, तर एकेक म्हैस झोपवली असती."

गाव इतकं हसलं की सरपंचांची टोपी पडली. मग मॅडमनी सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं: हात आणि कास धुवायची, प्रत्येक म्हशीला वेगळं फडकं, धार झाली की सड औषधात बुडवायचे, लगेच पुढ्यात चारा टाकायचा म्हणजे म्हैस खाली बसत नाही आणि उघड्या सडाला शेण लागत नाही. आणि आजारी म्हैस सगळ्यात शेवटी. हे सगळं गावाला शिकवायचं काम त्यांनी सुखदेवभाऊंकडे दिलं.

सुखदेवभाऊ लोक पांगेपर्यंत थांबले आणि हापशीजवळ मॅडमना गाठलं. मी तिथे बश्या आवरत होतो.

"बाई, माह्याच हातानं झालं ना?" त्यांचा आवाज पडला होता. "माही चांदणी... माह्याच हातानं?"

मला वाटलं मॅडम काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. पण त्या खोटं बोलल्या नाहीत.

"हाव, भाऊ. तुमच्या हातानं पसरलं. तुमाले माहीत नव्हतं. अन् आता तुमच्याच हातानं थांबन. दुसऱ्या कोनाच्या हातानं नाही थांबनार, कारन म्हशी दुसऱ्याले हात लावू देत नाहीत."

सुखदेवभाऊंनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. म्हणाले, "पन आजारी जीव शेवटी ठेवायचा? तिचं दुखनं कोन पाहीन?"

"तुमीच. आधी जाता तवा पुढच्या घराची घाई असते ना? शेवटी जा. मंग घाई नाही. बसा तिच्यापाशी, पाहिजे तेवढा वेळ."

हे त्यांना पटलं. मान हलवत, हापशीवर हात धुवून ते घरी गेले. मॅडमनी पर्स उघडून मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले. त्यांच्या अहवालात 'धार काढण्याचा क्रम' असा शब्द आहे, माणसाचं नाव कुठेच नाही. पुढे सुखदेवभाऊंनी स्वतःच आपल्या हातांची गोष्ट गावभर सांगितली, आणि चहा तसाच घरोघरी चालू राहिला. वर्ष फिरलं तोवर दगडी हटली होती, आणि अबोला धरलेली दोन घरं एकमेकांना चीक पाठवू लागली होती. गाव मॅडमचा पंजा विसरलं नाही. "आमच्या म्याडमचा हात सगळ्यात घान," असं ते पाहुण्यांना अभिमानानं सांगत.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा कचेरीत हार-नारळ झाले, भाषणं झाली, मॅडमना त्यात झोप आली. शेगावला मुलीकडे राहायला जाण्याआधी त्यांना एकदा त्या गावाला जायचं होतं. मी बरोबर गेलो. शाळेच्या पडवीत बाज टाकलेली. समोर टेबलावर ओळीनं बत्तीस बाटल्या. बोटाएवढ्या, तशाच. प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर म्हशीचं नाव.

मॅडमचा चेहरा कडक झाला. "ह्या बाटल्या लॅबमधल्या?"

"मेडिकलमधून नव्या आनल्या," शमीमभाभी म्हणाली. "तुमच्या बाटलीले तुमी तोंड लावू देता का? अन् दोनदा उकळेल हाय. साखर मीच घातली सगळ्याइत, म्हनजे कोनाची कमी-जास्त नको."

मॅडमनी हापशीवर जाऊन हात धुतले. मग येऊन बाजेवर बसल्या आणि पहिली बाटली उघडली. चिठ्ठी मोठ्यानं वाचायच्या, दूध घशात ओतायच्या, आणि मालकिणीकडे बघून "लै मस्त" म्हणायच्या. कबरी, मोती, राणी, भुरी. प्रत्येक नावाला बायका टाळ्या वाजवत होत्या. विसाव्या बाटलीला मी म्हणालो, पुरे आता, त्रास होईल. मला त्यांनी हातानंच बाजूला सारलं. एकतिसावी झाली तेव्हा फाट्यावर एसटीचा हॉर्न ऐकू आला. शेवटची गाडी होती.

टेबलावर एकच बाटली उरली होती. सुखदेवभाऊ ती घेऊन पुढे आले. चांदणी, तीन सडांची. आता ती कधीची बरी होती, तरी त्यांनी तिची बाटली मुद्दाम मागे ठेवली होती. पुन्हा हॉर्न वाजला. कंडक्टरला थांबवायला कोणीतरी फाट्याकडे पळालं. मी मॅडमची पिशवी उचलली आणि चला म्हणालो, आणि मॅडमनी सरकून बाजेवर सुखदेवभाऊंसाठी जागा केली.

"थांब रे, देऊळगाव," त्या म्हणाल्या. "ही शेवटची हाय. हिले घाई नाही."

मग मॅडम एवढीशी ती बाटली चहासारखी, एकेक घोट घेत पीत राहिल्या. शेजारी सुखदेवभाऊ मांडीवर हात ठेवून बसले होते. मॅडमच्या वरच्या ओठावर साय लागली होती, आणि ती पुसावी असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही.